अष्टागराची जमीन

१९०४ सालीं अलिबागेस एक अबोल पाहुणा आला. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारीं नाजूक उपकरणें होतीं. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या; त्या प्रवाहानें नोंदी बिघडतील, म्हणून बंदरापलीकडे शांत जागा शोधण्यांत आली. १९०७ सालीं ट्रामगाड्या धावूं लागल्या, तोंपर्यंत नवी चुंबकीय वेधशाळा स्थिरस्थावर झाली होती. तिच्या बांधकामांत लोखंड येणार नाहीं याचीहि दक्षता घेतलेली होती. मुंबईची गडबड नको म्हणून या किनाऱ्यावर पुढें पुष्कळ जण आले. परंतु इतक्या निःशब्दपणें कोणी राहिल्याचें दिसत नाहीं.

चौल-रेवदंड्यापासून सासवण्यापर्यंतच्या या नारळीपोफळीच्या पट्ट्यास अष्टागर म्हणतात. परका माणूस येथें नवा नाहीं. बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागले, असें त्यांची परंपरा सांगते. त्यांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. त्यांची भाषा मराठी झाली, आडनांवें किहीमकर, नवगांवकर, पेणकर अशीं झालीं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, तरी तेथेंहि हीं नांवें ऐकूं येतात. पूर्वीं आलेला मनुष्य गांवाचें नांव घेई. आतां येणारा मनुष्य बंगल्यास आपल्या आवडीचें नांव देतो, आणि वर्षांतील बहुतेक दिवस त्या नांवाखालीं कुलूप असतें.

हा पालट समजण्यास जमिनीचा इतिहास पाहणें अवश्य आहे. आंग्र्यांचें संस्थान १८४० सालीं कंपनी सरकारनें खालसा केलें. कुलाबा जिल्ह्यांत सरकार व कुळें यांच्यामध्यें खोत असे. सारा तोच वसूल करी, आणि पिकाचा मोठा वांटा कुळाच्या खळ्यावरूनच उचलून नेई. अलिबाग तालुक्यांतील चरी या खारपट्ट्यांतल्या गांवीं २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं संप पुकारला. आसपासच्या पंचवीस गांवांतून नांगर धरावयाचें लोकांनीं नाकारलें. उपासमार सोसली, पण १९३९ पर्यंत शेतें पडीक ठेविलीं. शेतकऱ्यांचा इतका दीर्घ संप हिंदुस्थानांत क्वचितच झाला असेल. १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें.

अशा कुळाची जमीन विकावयाची तर कलेक्टरची परवानगी लागे. २०१४ सालच्या दुरुस्तीनें, खरेदीस दहा वर्षें झालीं असतील तर जमीनसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरून ही अट सुटते. सारा किती अल्प असतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास तो नजराणा म्हणजे किती हें सांगावयास नको. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्यें शिवडी ते न्हावाशेवा हा समुद्रावरील पूल खुला झाला. शिवाय १९९१ पासून भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध असल्यानें बांधतां येण्याजोगी जागा थोडी, आणि जी आहे तिची किंमत चढी. एकराच्या गोष्टी मागें पडून गुंठ्याचा भाव निघूं लागला.

विकणाऱ्यास मूर्ख म्हणणें हा अन्याय होय. वांटण्या होऊन तुकडा राहिलेला, खारबंदिस्ती फुटून खारें पाणी शिरलेलें, मुलें मुंबईस. अशा शेतांतील भात जन्मभर विकून जें मिळणार नाहीं तें एका खरेदीखतानें मिळतें. मुलीचें शिक्षण होतें, पक्कें घर होतें. परंतु तोच भाव शेजारच्या कोळ्याच्या मुलासहि पडतो. त्यास नवी खोली बांधावयाची असते. समुद्र दिसणारी जमीन हवी असते असें नाहीं, पण दर समुद्राच्या देखाव्याचा द्यावा लागतो. येणाऱ्यांमुळें गवंड्यास, माळ्यास, रिक्षावाल्यास काम मिळतें हेंहि खरें. मात्र ज्या वाडींत बापानें पोफळी शिंपल्या, तेथेंच मुलगा रखवालदार, हें दृश्य या पट्ट्यांत दुर्मीळ नाहीं.

कायद्याची गंमत अशी कीं, शेतजमीन शेतकऱ्यानेंच घ्यावी हा नियम कुळांच्या रक्षणासाठीं झाला. पण सर्व जमीन विकून बसलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें शेतकरी राहात नाहीं, आणि परवानगीवांचून त्यास शेत परत घेतां येत नाहीं. तलाठ्याच्या फेरफाराच्या वहींत १९५७ नंतरची एक नोंद आणि २०२० नंतरची एक नोंद कधीं कधीं एकाच जमिनीची निघते. पहिलींत आजोबांचें नांव दाखल झालेलें असतें. दुसरींत नातवाचें कमी केलेलें.