शीळ, सावली आणि जमाव

रहस्यपट म्हटला की काळोखी वाट, करकरणारे दार आणि छातीत धडकी भरवणारे पार्श्वसंगीत आपल्याला आठवते. परंतु या कलाप्रकाराचा पाया घालणाऱ्या चित्रपटांत ज्याची गणना होते, त्या ‘एम्’ या जर्मन बोलपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. फ्रिट्झ लांग यांचा हा पहिलाच बोलपट मे १९३१ मध्ये बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला.

शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. एल्सी ही चिमुरडी शाळेतून घरी निघाली आहे. खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावर ती चेंडू आपटते आणि त्याच कागदावर एका माणसाची सावली पडते. पुढचा खून लांग दाखवतच नाहीत. आई हाका मारत राहते. पडद्यावर ओस जिना, ओस माळा आणि टेबलावरची रिकामी थाळी दिसते. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. उरलेले सारे प्रेक्षकाचे मनच रचते, आणि मनाने रचलेली भीती पडद्यावरच्या रक्तापेक्षा जास्त काळ टिकते.

ध्वनीचा वापरही असाच मोजका. खुनी ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची एक धून शिळेवर वाजवतो. नट पीटर लोरे यांना शीळ घालता येत नसे, म्हणून खुद्द लांग यांनीच ती घातली. पुढे फुगे विकणारा एक आंधळा तीच शीळ ऐकून खुन्याला ओळखतो. डोळस शहराला जे दिसले नाही, ते आंधळ्याच्या कानांनी टिपले! मग एक पोरगा तळहातावर खडूने ‘एम्’ हे अक्षर काढतो आणि त्याचा छाप खुन्याच्या कोटावर उमटवतो. जर्मन भाषेत ‘खुनी’ या शब्दाचे ते आद्याक्षर.

इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला या चित्रपटातला एक छोटा प्रसंग अधिक अस्वस्थ करतो. रस्त्यावर एक मुलगी एका वृद्ध गृहस्थाला किती वाजले ते विचारते. तो उत्तर देतो, आणि पाहता पाहता त्याच्याभोवती जमाव गोळा होतो. गुन्हा काय, तर मुलीशी बोलला! शेवटी गुन्हेगारांची टोळीच खऱ्या खुन्याचा ‘न्याय’ करायला बसते. तो माणूस घृणास्पद खरा. पण गुडघ्यांवर कोसळून तो आक्रोश करतो, तेव्हा आपण जमावाच्या बाजूने की कायद्याच्या, हा प्रश्न प्रेक्षकाला चुकवता येत नाही.

या प्रश्नाचे मोल पुढच्या इतिहासाने दाखवून दिले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. लांग यांनी देश सोडला, ज्यू असलेल्या लोरे यांनीही सोडला. पुढच्याच वर्षी चित्रपटावर बंदी आली. १९४० मध्ये तर ज्यूंविरुद्ध विष पेरणाऱ्या ‘द इटर्नल ज्यू’ या प्रचारपटात लोरे यांच्या त्याच आक्रोशाचा तुकडा जोडण्यात आला. नटाची भूमिका हीच त्याच्या जमातीची ओळख ठरवली गेली. जमावापासून सावध करणारे दृश्यच जमाव चेतवायला वापरले गेले.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात संशयाची सावली कुठल्या भिंतीवर कधी पडेल, सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या बोलीवरून त्याचे मन ओळखल्याचा दावा कुणी केला, तर मला घड्याळ सांगणारा तो वृद्ध आठवतो. वर्गात जर्मनीचा धडा शिकवताना मी त्याची गोष्ट मुलांना आवर्जून सांगत आलो आहे.