यमूची भाषा हरिभाऊंना कुठे मिळाली?

हरिभाऊ आपट्यांचा विषय निघाला की त्यांच्या इंग्रजी वाचनाची यादी आधी पुढे येते: स्कॉट, डिकन्स, रेनॉल्ड्स. यादी खोटी नाही. १८८५ मध्ये आलेल्या ‘मधली स्थिती’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीला रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा आधार होता, ‘म्हैसूरचा वाघ’मागे मेडोज टेलरचा ‘टिपू सुलतान’ आहे, आणि ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे तर मोल्येरचेच प्रहसन. पण ही सारी पुस्तके एकावर एक रचली तरी ‘पण लक्षांत कोण घेतो’चा उलगडा होत नाही. पहिल्या कादंबरीनंतर अवघ्या पाच वर्षांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, या लेखकाने एका ब्राह्मण मुलीची कहाणी तिच्याच तोंडून सांगायला घेतली, आणि ती सांगणारी यमू ओसरीवरची भाषा बोलत नाही, माजघरातली बोलते. ही भाषा इंग्रजी ग्रंथांतून येणे शक्यच नव्हते. ती हरिभाऊंच्या भोवतीच्या मराठी लिहित्या माणसांच्या सहवासात तयार झाली, आणि त्यात काशीबाई कानिटकरांचा वाटा आपण आजवर फार कमी मानला, असे माझे म्हणणे आहे.

हरिभाऊंची जडणघडण पाहिली तर वाचन आणि माणसे त्यांच्याकडे कधी वेगळी नव्हतीच. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ज्यांची पुस्तके वाचायची तेच समोर शिकवायला उभे. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ लिहिला. दुसऱ्याच वर्षी आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि या विद्यार्थ्याने त्यावर ‘निबंधचंद्रिके’त तब्बल बहात्तर पानांची टीका लिहिली. बहात्तर पाने! मूळ नाटक आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून, शब्द न् शब्द तपासल्याशिवाय एवढे लिहून होत नाही. आपल्याच गुरूचे पुस्तक इतके बारकाईने वाचणे आणि त्याच्याशी उघड मतभेद नोंदवणे, हा मला आदराचा फार वरचा प्रकार वाटतो. पुढे १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्यात बालविवाह, स्त्रीशिक्षण, केशवपन यांवर जे तर्काने मांडले जात होते, तेच दोन वर्षांनी हरिभाऊंच्या कादंबरीत एका घरातल्या रोजच्या बोलण्यात उतरले. भाषांतरावर भांडलेला शिष्य विचाराने गुरूच्या बाजूलाच उभा होता.

मात्र आगरकरांकडून प्रश्न मिळाला, आवाज मिळाला नाही. आगरकरांच्या निबंधात विधवेची बाजू मांडणारा पुरुष बोलतो. यमू स्वतःच बोलते. इथे काशीबाईंकडे वळावे लागते. त्या हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, जन्म १८६१ चा. लग्न नवव्या वर्षी, अक्षरओळख त्यानंतरची. नवरा गोविंदराव कवी आणि शिक्षणाचा कैवारी. पण घरच्या बायकांच्या नजरेत सुनेच्या हातातले पुस्तक हा निर्लज्जपणा. अशा घरात चोरून शिकलेली ही बाई पुढे स्वतः कादंबरीकार झाली, तिने डॉ. आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले. कानिटकर दांपत्याशी हरिभाऊंचा घनिष्ठ स्नेह होता. काशीबाईंना त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापलीही गेली. परक्या घरच्या विवाहित बाईशी तरुणाने वाङ्मयाविषयी पत्रव्यवहार करायचा, ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. आता कादंबरीतली यमू आठवावी. तिलाही लिहावाचायला शिकवतो तो नवराच, तेही लग्नानंतर, सासरच्या नाराजीला तोंड देत. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला थोडा मोकळा श्वास मिळतो. नवरा मरतो आणि त्याच यमूचे केस जबरदस्तीने उतरवले जातात. शिकलेल्या, स्वतःचे मन शब्दांत मांडू शकणाऱ्या बाईवर हा प्रसंग येतो म्हणून तो आजही वाचवत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बालपणापासून स्वतःची गोष्ट सांगणारा निवेदक डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये १८५० पर्यंत येऊन गेला होता, आणि विधवांचे दुःख बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’मध्ये मांडले होते, त्यातल्या नायिकेचे नावही यमुनाच. मग काशीबाईंची गरज काय? साचा तिकडून आला असेल, मी नाकारत नाही. पण कॉपरफिल्ड हालअपेष्टांतून वर येतो, नाव कमावतो, अखेर लेखक होतो. यमूला शिक्षणाने जे मिळते ते वैधव्य एका दिवसात हिसकावून घेते. बाबा पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांची दुःखे पाहते आणि अखेर लेखकाचे धर्मप्रचाराचे प्रयोजन पुरे करते. हरिभाऊंच्या यमूला असे कोणतेही ठरलेले उत्तर दिलेले नाही. दुसरा आक्षेप असा, की हरिभाऊ स्वतः मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले, माजघर त्यांनी पाहिले नसेल का? पाहिले असणारच. परंतु पाहणे निराळे आणि तिथल्या बाईला लिहिताना पाहणे निराळे. बाईचे मन लेखणीतून कसे उतरते याचा जिवंत नमुना त्यांच्या ओळखीत होता, आणि कादंबरीच्या आवाजाचा पाया तिथे आहे, असे मला वाटते. कादंबरीचे कर्तेपण मी काशीबाईंना देत नाही; ते निःसंशय हरिभाऊंचे आहे.

लिहित्या माणसांच्या या सहवासातून हरिभाऊंनी घेतले तसे दिलेही. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ज्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली ते हरिभाऊंनीच १८९० मध्ये सुरू केले होते. दर आठवड्याला पाने भरायची, शिवाय आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था, तिथल्या संस्कृत पोथ्यांच्या मुद्रणाची देखरेख. या ओढाताणीत त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे नुकसान खरेच. पण त्याच पानांत त्यांनी दुसऱ्यांना जागा दिली. केशवसुतांच्या कविता ‘करमणूक’मध्ये येत होत्या. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने केशवसुत गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. कविता मासिकांच्या जुन्या अंकांत आणि वह्यांत विखुरलेल्या. त्या एकत्र करून पुस्तक छापले ते हरिभाऊंनी, आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती केशवसुत आले ते त्या पुस्तकातून.