पत्र्याची पलीकडची बाजू : रिबिटापासून रिव्हेट नटापर्यंत

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं नट-बोल्टावर बोलायला उभं राहावं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. विषय आम्ही शोधला नाही, तो आम्हाला भेटला. आषाढी वारीच्या आधीची गोष्ट. सोलापुरातच आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही बसलो होतो. दिंडीबरोबर जाणारी पाण्याची ट्रॉली दुरुस्तीला आली होती. टाकीवर चढायच्या शिडीचा एक बोल्ट काही केल्या आवळला जाईना, आणि सोडवायला गेलं तर निघेना. पाना फिरतो, बोल्ट फिरतो, आणि बोल्टाबरोबर बॉक्स पाइपच्या आतला नटही फिरतो! विद्यार्थी वैतागून म्हणाला, "सर, आतून धरायला कुणी असतं ना, तर एका मिनिटाचं काम होतं."

'आतून धरायला कुणी असतं तर' या वाक्यात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगायचा आहे.

आधी जुन्या रिबिटाकडे जाऊ. त्यासाठी लांब जायला नको, आपलं कुर्डुवाडी पुरे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फुटी रूळ, हलके डबे आणि थोड्या खर्चात जास्त माल, असा त्याचा हिशेब होता. कुर्डुवाडीच्या कारखान्यात या गाडीची देखभाल होई. त्या काळी कारखान्यांत वेल्डिंग रुळलेलं नव्हतं. बॉयलर, पूल, वाघिणींच्या चौकटी, सगळी भिस्त रिबिटांवर. रिबीट भट्टीत लाल करायचं, दोन पत्र्यांच्या भोकातून घालायचं, एकानं मागून लोखंडी ठोकळा डोक्याला घट्ट लावून धरायचा आणि दुसऱ्यानं पुढून घण मारून दुसरं डोकं घडवायचं. रिबीट थंड होताना आकसतं आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतं. बैलगाडीच्या चाकावर तापवलेली धाव चढवून वर पाणी ओततात, ती हीच युक्ती.

यात आम्हाला महत्त्वाची वाटते ती मागे उभ्या असलेल्या माणसाची भूमिका. त्याच्याशिवाय रिबीट बसतच नाही. आणि तो नुसता ठोकळा धरत नाही बरं का, तो पलीकडची बाजू पाहत असतो. रिबीट तिरकं गेलं, डोकं नीट टेकलं नाही, तर पहिल्यांदा त्याला कळतं. म्हणजे सांध्याला एक साक्षीदार असतो.

आता याच बार्शी लाइनवरून पुढे जाऊ. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद ठेकेदारीत उतरले ते लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत, आणि त्यांची सुरुवातीची कामं याच बार्शी लाइट रेल्वेची होती. पुढे जहाजं आली, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या सहकार्यानं हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. एका माणसाच्या आयुष्यात जाड पोलादाच्या वाघिणीपासून विमानाच्या पातळ पत्र्यापर्यंतचा प्रवास झाला. सांध्यांचा इतिहासही जगभर त्याच काळात त्याच वाटेनं चालला होता.

विमानानं नवी अडचण आणली. पंखाचा पत्रा पातळ आणि आतली जागा बंद. मागून ठोकळा धरणारा माणूस शिरणार कुठून? अमेरिकेत बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनीपुढे हा प्रश्न १९३०च्या दशकात आला. पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ जमतं, म्हणून तिथे हवा भरून फुगणारं रबरी आवरण बसवायचं होतं. ते बदलताही यायला हवं, म्हणजे बोल्ट हवा. पण पातळ पत्र्यात आटे पाडून भागत नाही. बघा, एम ६ बोल्टाच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर असतं, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम एक आटा बसतो. त्यावर कोण भरवसा ठेवणार?

त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे रिव्हेट नट. ही आतून आटे असलेली छोटी नळी असते आणि तिला एका टोकाला कड असते. पत्र्याला भोक पाडून ती कडेपर्यंत आत सरकवायची. हत्याराचा आटे असलेला दांडा तिच्यात फिरवायचा आणि तो बाहेर ओढायचा. नळीचा मधला, आटे नसलेला पातळ भाग दबतो, दुमडतो आणि पत्र्यामागे फुगवटा तयार होतो. पुढून कड आणि मागून फुगवटा, यांच्यात पत्रा पकडला जातो. दांडा उलटा फिरवून काढला की पत्र्यात पक्का नट राहतो. सगळं काम एका बाजूनं, एका माणसानं, भट्टीशिवाय.

विमानातून ही वस्तू मोटारींत आली, बसच्या बॉडीत आली आणि आता आपल्या ट्रॉल्यांत आली आहे. बॉक्स पाइप म्हणजे तरी काय? आत हात न जाणारी जागा! मडगार्डची पट्टी, दिव्याची चौकट, नंबरप्लेट, वायरीचे क्लिप यांसाठी याहून सोयीचं काही नाही. घामाचं, भाजण्याचं, कान बधिर होण्याचं काम कमी झालं, हेही विसरू नये. जुनं ते सोनं असं आम्ही म्हणणार नाही.

पण पलीकडचा माणूस गेला, तेव्हा त्याचं पाहणंही गेलं. त्या शिडीचं काय झालं होतं? एम ६ च्या साध्या गोल रिव्हेट नटाला ९ मिलिमीटरचं भोक लागतं, एम ८ ला ११. तिथे भोक सैल पडलं होतं. पुढून कड छान टेकलेली, रंग मारलेला, आणि मागची पकड अर्धवट. सहा महिने हादरे बसले आणि नट फिरायला लागला. उद्या वाटेत एखादा वारकरी हंडा घेऊन त्या शिडीवर चढला असता. पुढून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसत होतं.

मग मागचं न पाहता मागची खात्री कशी द्यायची? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अनुमान शिकवत होतो. धूर दिसला की अग्नी मानायचा, पण दोघांचा अटळ संबंध आधी पाहिलेला असला तरच. वर्कशॉपमध्येही तेच. ज्या जाडीच्या पत्र्यावर काम आहे, त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर आधी एक नट बसवून पाहावा. तुकड्याची मागची बाजू डोळ्यांनी दिसते. फुगवटा सगळीकडून टेकला का, बोल्ट आवळल्यावर नट फिरतो का, ओढ जास्त होऊन आटे खराब झाले का, हे तिथे कळतं. मगच बंद पाइपला हात घालावा. भोक मापाचं, कडेचा बुरा काढलेला, उघड्या लोखंडाला गंजरोधक रंग लावलेला. जिथे बोल्ट जोरानं आवळायचा, तिथे षट्कोनी भोकात षट्कोनी नट. पाण्याच्या ट्रॉलीवर लोखंडात ॲल्युमिनियमचा नट नको, ओलाव्यात तो झिजतो. आणि ड्रॉबार, ॲक्सल, माणसाचं वजन पेलणारी पायरी, यांना रिव्हेट नट लावूच नये.

आमच्या विद्यार्थ्यानं तेच केलं. सैल नटांच्या कडा ड्रिलनं उडवल्या. उरलेले तुकडे पाइपात पडले, ते ट्रॉली आहे तोवर खुळखुळणार. शिडीला आरपार बोल्ट घातले, आणि आवळताना पाइप चेपू नये म्हणून आत नळीचे तुकडे बसवून वेल्ड केले. पलीकडून नट धरायला कुणी नव्हतं. मग काय, पाना आम्हीच धरला.

मंडळी, कुर्डुवाडीच्या त्या ठोकळा धरणाऱ्याचं नाव कुठल्या वहीत असेल असं आम्हाला वाटत नाही. यंत्रानं त्याचे कष्ट वाचवले, हे उत्तम झालं. त्याचं पाहण्याचं काम मात्र आता पुढे उभ्या असलेल्या एकट्या माणसाच्या अंगावर आलं आहे. ट्रॉली बांधणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी आजचा तास सार्थकी लागला.