कोल्हा, वाघ आणि कथा सांगणारा

'हू जिया हू वेई' हा चार अक्षरांचा चिनी वाक्प्रचार वरिष्ठाच्या बळावर इतरांना धाक दाखविणाऱ्याविषयी निंदेने वापरला जातो. यातील पहिला 'हू' म्हणजे कोल्हा, दुसरा म्हणजे वाघ. उच्चारातील भेद केवळ सुराचा. 'जिया'चा आजचा रूढ अर्थ 'खोटा' असला, तरी येथे 'उसने घेणे' हा जुना अर्थ अभिप्रेत आहे. कोल्ह्याने वाघाचा दरारा उसना घेतला, एवढाच वाच्यार्थ.

या वाक्प्रचारामागील कथा लिऊ श्यांग याने इ. स. पू. पहिल्या शतकात संकलित केलेल्या 'झान ग्वो त्स' या ग्रंथात येते. चू राज्याचा राजा श्वान (राज्यकाल इ. स. पू. ३६९–३४०) दरबारात विचारतो : उत्तरेकडील राज्ये आपला मंत्री झाव शीश्यू याला भितात, हे खरे काय? सारे गप्प राहतात. ज्यांग यी मात्र कथा सांगतो. वाघाच्या तावडीत सापडलेला कोल्हा 'मी देवनियुक्त पशुराज आहे' असे सांगून वाघाला आपल्यामागून चालावयास लावतो. पशू पळतात ते वाघाला भिऊन. वाघाला मात्र ते कोल्ह्याला भ्यालेसे वाटते. उत्तरेची भीतीही मंत्र्याची नसून राजाच्या सैन्याची आहे, हे तात्पर्य.

वाक्प्रचारात दोनच पात्रे उरली. मूळ संहितेत ऐकणारा राजा आणि सांगणारा ज्यांग यीही आहेत. राजाला वाघ म्हणण्यात स्तुती आहे, तशीच त्याच्या अजाणतेपणावर टीकाही. शिवाय निवेदक तटस्थ नाही. वेई राज्याचा दूत म्हणून चूमध्ये आलेला ज्यांग यी याच ग्रंथात अन्यत्रही झाव शीश्यूविरुद्ध राजाचे कान भरतो. एका प्रसंगी तर तो त्याला विहीर बाटविणाऱ्या आणि ती तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याला दारातच चावणाऱ्या कुत्र्याची उपमा देतो. स्वतःचे बळ नसलेला हा दरबारी राजाचेच बळ प्रतिस्पर्ध्यावर वळवू पाहतो. कथेच्या न्यायाने कोल्हा तोही ठरतो.

'पंचतंत्रा'तील वाघाचे कातडे पांघरलेले गाढव ओरडताच उघडे पडते, कारण तेथे वाघ नसतोच. येथे वाघ खरा, भीतीही खरी. फसवणूक आहे ती केवळ तिच्या कारणाविषयी. म्हणूनच हे सोंग वाघाला स्वतःची ओळख पटल्याखेरीज उतरत नाही. रूढ वाक्प्रचाराने सारा दोष कोल्ह्यावर ठेवला आणि वाघाचे अज्ञान नजरेआड केले. एका पक्षाचा आरोप असा सर्वमान्य निवाडा होऊन बसला.