बाटली कुणाशी बोलते?

खालाजानला टीबी झाला तेव्हा मी आठवीत होतो. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जायचं, तिथल्या बाईंसमोर गोळ्या गिळायच्या आणि गिळल्या हे तोंड उघडून दाखवायचं. रोगापेक्षा तिला त्या तोंड उघडण्याची शरम वाटायची. रमजान आला. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे अम्मीने तिला दहा वेळा सांगितलं. पण केंद्र उघडायचं भर सकाळी, आणि मोहल्ल्यातून जाऊन दिवसाउजेडी पाणी पिणं तिला जमेना. चार खेपा चुकल्या. मग केंद्राचा माणूस घरी आला. जिन्यातच उभं राहून त्याने तिचं नाव आणि रोगाचं नाव मोठ्याने घेतलं. त्या दिवसापासून शेजारच्या बायकांनी आमच्याकडचा चहा बंद केला.

हल्ली बोलणाऱ्या औषधाच्या बाटल्यांविषयी वाचतो तेव्हा मला तो जिना आठवतो.

वेळ झाली की आवाज देणारं यंत्र ही काही आजची कल्पना नाही. बाराव्या शतकात, नूरुद्दीन झंगीच्या काळात, दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या पूर्वेकडील जैरून दरवाजाजवळ एक मोठं पाणघड्याळ बसवलं होतं. 1184 मध्ये इब्न जुबैर तिथे पोचला. पितळी ससाण्यांच्या चोचीतून पितळी गोळ्या वाडग्यात पडतात आणि तास झाल्याचा आवाज होतो, असं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. घड्याळ बांधणाऱ्या कारागिराचा मुलगा रिझवान इब्न अल-साआती. त्याने वडिलांचं बिघडलेलं घड्याळ दुरुस्त केलं आणि 1203 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हा रिझवान पेशाने हकीम होता! पेशंटला डोस आठवावा म्हणून त्याने काही बनवल्याची नोंद नाही, उगाच तसा दावा करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ते घड्याळ सगळ्या बाजाराला वेळ सांगायचं, कोण उठलं आणि कोण झोपून राहिलं याची वही ठेवत नव्हतं.

औषधाच्या डबीची गोष्ट मात्र वहीपासूनच सुरू होते. 1956 मध्ये मद्रासला टीबीच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे 193 रुग्णांवर एक तुलना झाली. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना दाटीवाटीच्या घरांतच वर्षभर औषधं दिली. 1959 मध्ये निष्कर्ष छापून आले: घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले. गरिबाला घरदार सोडून डोंगरावरच्या इस्पितळात जायची गरज उरली नाही, ही केवढी मोठी गोष्ट. पण घरात डॉक्टर नसतो. गोळी पोटात गेली की खिडकीबाहेर? मद्रासचे संशोधक न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत.

या शंकेतूनच पहिली ‘हुशार’ डबी निघाली. अमेरिकेतले डॉक्टर थॉमस मोल्डिंग यांनी 1962 मध्ये वेळेची नोंद ठेवणाऱ्या डबीचा प्रस्ताव मांडला. पुढे अशा डब्यांत फोटोची फिल्म आणि किरणोत्सारी पदार्थाचा कण बसवला गेला. फिल्मवर उमटलेल्या डागांवरून डॉक्टरला कळे, कुठल्या दिवशी गोळी तशीच राहिली. म्हणजे डबी बोलली, पण डॉक्टरशी. रुग्णाशी ती चकार शब्द बोलली नाही.

माणसाशी खरोखर बोलणारी बाटली अंधांसाठी झटणाऱ्यांमुळे आली. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘रेक्स’ नावाची बाटली निघाली. फार्मासिस्टने सूचना आवाजात भरायची, रुग्णाने बटण दाबलं की ऐकू यायची. ज्याला लेबल वाचता येत नाही त्याला आपलं औषध स्वतः ओळखता यावं, एवढाच हेतू. आपल्याकडे इंग्रजी लेबल न वाचता येणारे डोळस किती आहेत, त्याचा विचार करा. माझी अम्मी स्ट्रिपच्या रंगावरून गोळी ओळखायची. कंपनीने रंग बदलला की घरात गोंधळ.

आठवण करून देण्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. चीनमध्ये 36 ठिकाणच्या चार हजारांवर टीबी रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या महिन्यांत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त डोस चुकले, असे महिने नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ 30 टक्के होते. वेळेवर वाजणाऱ्या पेटीने ते 17 टक्क्यांवर आले. नुसत्या मोबाइल संदेशांनी मात्र फारसा फरक पडला नाही. अर्थात ती पेटी नोंदही ठेवायची आणि डॉक्टर ती नोंद बघायचे. फरक आवाजाने पडला की नजरेने, हे मला तरी त्या आकड्यांतून वेगळं करता येत नाही.

भारतात याच सुमारास ‘99डॉट्स’ आलं. गोळी काढली की पाकिटाखाली लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. अस्सल देशी युक्ती! केंद्रावरची खेप वाचली. पण पुढे फोनची नोंद आणि लघवीची तपासणी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही नेहमी जुळत नव्हत्या. गोळी घेऊनही फोन न करणारे बरेच निघाले. घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, असं असलं की बाईने काय करावं?

म्हणून बोलणाऱ्या बाटलीचा आराखडा करणाऱ्यांना मला जिन्याबद्दल सांगायचं आहे. एका खोलीत सात माणसं राहतात. तिथे बाटलीने ‘टीबीची गोळी घ्या’ म्हटलं तर ती केंद्राच्या त्या माणसाचंच काम करेल. रोगाचं नाव नको, आवाज घरच्या भाषेत हवा, हळू करता यावा, बंद करता यावा. डॉक्टरला विचारून रमजानमध्ये वेळ सहेरीवर आणता यावी. आणि नोंद ठेवणार असाल तर रुग्णाला आधी सांगा.

खालाजान पूर्ण बरी झाली. आता तिला बीपीची गोळी आहे. नातवाने मोबाइलमध्ये आवाज भरून दिला होता. दोन दिवस ऐकला आणि बंद करायला लावला. आता ती स्ट्रिप घडी घातलेल्या जानमाजखाली ठेवते. फजरला जानमाज उचलली की गोळी हाताला लागते.