कोरड्या उन्हाळ्यात जन्मलेली मोटार

पावसाळा सरून दिवाळी आली की कोकणातल्या घराच्या कौलांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. वैशाखात घर शाकारून झालेले असते, आषाढ-श्रावणात गळतीखाली पातेली मांडून झालेली असतात, आणि आता पुढच्या वैशाखापर्यंत तो विषय बंद. पण ज्याने एकदा तरी गळतीचे मूळ शोधले आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी जेथे ठिबकते तेथे ते शिरलेले नसते. कुठल्याशा फुटक्या कौलातून ते आत येते, वाशाच्या अंगाने निमूटपणे दहा हात उतरते आणि भलत्याच ठिकाणी निजलेल्या माणसाच्या कपाळावर पडते.

मोटारगाडीतली गळतीही याच जातीची. मात्र गाडीला डोक्यावर धड छप्पर मिळाले तेच मुळी फार उशिरा. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीला छप्परच नव्हते. तेव्हा गळण्याचा प्रश्नही नव्हता. पुढे घोडागाड्यांची घडीची टपे मोटारींवर आली. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना या टपांची कल्पना निराळी द्यावयास नको. पाऊस सरळ पडला तर माणूस कोरडा, तिरपा पडला तर अर्धा ओला! अमेरिकेत १९१९ साली शंभर गाड्यांत बंदिस्त गाड्या जेमतेम दहा होत्या. १९२७ पर्यंत त्या पंच्याऐंशी झाल्या. पण या बंदिस्त गाड्यांची छपरेही पुरती पत्र्याची नव्हती. छपराएवढा रुंद पत्रा लाटण्याची सोयच तेव्हाच्या गिरण्यांत नव्हती. म्हणून मध्यभागी लाकडी पट्ट्या, त्यांवर तारेची जाळी, कापसाचा थर आणि वरून रोगण चढवलेले कापड असा प्रकार असे. कापड तडकले की पाणी लाकडात मुरे, लाकूड कुजे, आणि मग दारे लोंबू लागत. रुंद पत्रा निघू लागल्यावर जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी छप्पर दिले. फोर्डने १९३७ मध्ये दिले.

तेथे हा प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. छप्पर गळेना म्हणजे गाडी गळेना, हा समज तसा स्वाभाविकच. पाणी वरून येते हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. हा समज किती अपुरा आहे हे इंग्लंडला १९५९ च्या शरदात कळले. तेही एका फार हुशार माणसाने आखलेल्या, फार हुशारीच्या गाडीमुळे.

सुएझच्या पेचामुळे १९५६ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि जर्मन बनावटीच्या तीनचाकी, बुडबुड्यासारख्या गाड्यांना एकाएकी गिऱ्हाईक मिळू लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्यांचा मनस्वी तिटकारा. त्यांना रस्त्यावरून हुसकून लावील अशी खरीखुरी छोटी मोटार त्यांनी अॅलेक इसिगोनिस यांच्याकडे मागितली. इसिगोनिस यांचा जन्म स्मर्ना येथला, १९०६ चा. मॉरिस मायनर त्यांनी आधीच गाजवली होती. त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरपेटी त्याच्या पोटाखाली तेलाच्या भांड्यात घातली, चाके दहा इंचांची केली आणि ती चार कोपऱ्यांना नेऊन लावली. अवघ्या दहा फुटांची गाडी, पण चार माणसे आणि त्यांचे सामान आत मावे. खर्च वाचावा म्हणून पत्र्यांच्या जोडांच्या कडा बाहेरच्या बाजूस दुमडून ठेवल्या, म्हणजे वेल्डिंग करणाऱ्याचा हात सहज पोहोचेल. काचा वरखाली फिरवण्याचे यंत्र काढून टाकले आणि सरकत्या काचा बसवल्या. पुढे त्या काचांच्या खाचांत पाणी साचून चक्क शेवाळ उगवू लागले ते निराळे.

चाचण्यांत कुचराई झाली असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्सफर्डजवळच्या चालग्रोव्ह येथील विमानतळाच्या वाटेवर नमुन्याची गाडी ५०० तासांत ३०,००० मैल पळवण्यात आली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती 'ऑस्टिन सेव्हन' आणि 'मॉरिस मिनी-मायनर' अशा दोन नावांनी बाजारात आली. करासह किंमत सुमारे ४९७ पौंड. ज्यांच्या घराण्यात कधी मोटार आली नव्हती असे लोक ती घेण्याची स्वप्ने पाहू लागले.

आता त्या वर्षीच्या आभाळाकडे पाहू. १९५९ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये विलक्षण कोरडा गेला. मे महिन्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत अवर्षण पडले होते. नव्या गाडीने आपले पहिले दिवस या कोरड्या हवेत काढले. मग पाऊस आला, आणि मालकांचे पाय भिजू लागले. डोके कोरडे, खांदे कोरडे आणि पायांखालची सतरंजी मात्र चिंब! प्रत्येक गाडीबरोबर गमबुटांचा एक जोड द्यावा, असा विनोद तेव्हा होऊ लागला. ज्याने वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून पहिली गाडी घेतली त्याला त्या विनोदाचे हसू कितपत आले असेल, देव जाणे.

गाडीतल्या पाण्याचा माग काढणे मोठे चिकाटीचे काम आहे. पहिला संशय घ्यावा पुढच्या काचेभोवतीच्या रबरी पट्टीचा, दुसरा दारांच्या रबरांचा. रबरावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, दार लावावे, पाणी मारावे, आणि पूड कोठे धुऊन गेली ते पाहावे. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळी धरावी. धारही खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी, कारण वरून ओतले की सारेच ओले होते आणि चोर सापडत नाही. या साऱ्या परीक्षा उत्तम आहेत. पण त्यांतल्या बहुतेकींत गाडी उभी असते. मिनी उभी असताना कोरडीच राही. ती भिजे धावताना.

दोष होता तळाच्या जोडात. पुढे बसणाऱ्याने ज्या तिरक्या पत्र्यावर पाय टेकावयाचे, तो पत्रा आणि गाडीचा तळपत्रा यांच्या कडा एकमेकींवर चढवून वेल्ड केलेल्या होत्या. त्यांतील बाहेरच्या कडेचे तोंड पुढच्या दिशेला उघडे राहिले होते. वेल्डिंगचे टाके ठिपक्याठिपक्याचे. दोन ठिपक्यांमध्ये बारीक फट राहतेच. पुढची चाके या जोडाच्या अगदी जवळ. ओल्या रस्त्यावर ती चाके पाण्याचा जो फवारा मागे फेकीत, तो नेमका त्या उघड्या तोंडात घुसे. एवढेच नव्हे, गाडीचा वेगच त्याला आत दाबी. दारांखालच्या पोकळ उंबरठ्यांतही पाणी साठे.

कौले लावणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे दोन शब्दांत समजले असते. वरचे कौल खालच्यावर चढवावयाचे, खालचे वरच्यावर कधीच नाही. कारण पाणी वरून खाली जाते. पण मला वाटते, त्याच्या हाती मिनीचा आराखडा दिला असता तर तोही क्षणभर फसला असता. कारण धावत्या गाडीच्या तळाशी 'वर' म्हणजे पुढे, आणि 'खाली' म्हणजे मागे! तेथे पुढचा पत्रा मागच्यावर बाहेरून चढला पाहिजे. इसिगोनिस यांच्यासारखा माणूस गिअरपेटी तेलात बुडवण्याची युक्ती काढतो आणि बोटभर रुंदीच्या कडेचे तोंड उलटे राहते. याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या उन्हाळ्यात ती कड चुकीची आहे हे सांगायला पाणीच आले नाही.

उपाय दोन झाले. जोडाची कड उलटी करणे हा खरा. पण त्यासाठी कारखान्यातील साचे आणि जोडणीचा क्रम बदलावा लागतो, आणि गाड्या तर रोज बाहेर पडत होत्या. म्हणून तोवर पोकळ उंबरठ्यांत फुगणारा फेस भरून पाण्याची जागाच व्यापून टाकण्यात आली. गंमत अशी की, हा सारा खर्च ज्या गाडीवर चालला होता तिच्यात कंपनीला मिळत काय होते? फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन सुटी सुटी केली, हिशेब मांडला आणि दर गाडीमागे सुमारे ३० पौंड तोटा होत असावा असे अनुमान काढले.

पाण्याने मिनीला आणखी एका ठिकाणी गाठले. आडव्या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर समोरच्या जाळीमागे अगदी तोंडावर आला होता. जोराच्या पावसात तो भिजे आणि गाडी रस्त्यात बंद पडे. पुढे त्याला आडोसा देण्यात आला; पण गिऱ्हाइकांनी आपली तोड आधीच काढली होती. घरातला रबरी हातमोजा घ्यावयाचा, बोटांची टोके कापावयाची, त्यांतून प्लगच्या तारा बाहेर काढावयाच्या आणि मोजा डिस्ट्रिब्यूटरवर चढवावयाचा. कारखान्यातल्या कोणालाही लाजवील अशी ही युक्ती होती.

मिनी त्यातून सावरली. १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लोची शर्यत जिंकली, आणि २००० साली उत्पादन थांबले तोवर त्रेपन्न लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. आज कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडून पाहतात. दारांत पाणी शिरणार हे आता गृहीतच धरलेले असते. काचेच्या कडेने ते दाराच्या पोटात उतरते आणि तळाच्या भोकांवाटे निघून जाते. पुढच्या काचेखालच्या पन्हळीलाही अशाच मोऱ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी गाडीत शिरते, आणि अलीकडे आसनांखाली व पायांपाशी विजेच्या उपकरणांच्या पेट्या बसवतात, त्यांचे मोल गालिच्याहून फार मोठे असते.

जुनी मिनी विकत घेणारे शौकीन अजून आहेत. गाडीचा रंग, चाके, इंजिनाचा आवाज हे सारे ते नंतर पाहतात. आधी वाकून पुढची सतरंजी उचलतात, आणि पाय टेकतात तेथल्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहतात.