‘बिन्ते’ आणि ‘भ्र.’ : तलाकनंतरच्या नावाची गोष्ट

कन्नड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, गावची मराठी. त्यामुळे इथल्या जुन्या कागदांत मुसलमान बाईचे नाव दोन पद्धतींनी येते. उर्दू कागदात तिच्या नावापुढे ‘बिन्ते’ म्हणजे मुलगी किंवा ‘जौजे’ म्हणजे पत्नी, आणि मग पुरुषाचे नाव. मराठी जमीन-कागदात हेच काम ‘पि.’ आणि ‘भ्र.’ ही अक्षरे करतात. अमुकबी भ्र. शेख तमुक. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटण्याचा संभव आहे.

या अक्षरांत एक सोय होती. बाईचे नाव अमुकबी, एवढेच. पुढचे ते नाते. नाते तुटले तर ‘भ्र.’ जाऊन ‘पि.’ यायचे, नावाला धक्का लागत नसे.

ही रीत इस्लामच्या आरंभकाळाशी जुळणारी आहे. हजरत जैद (रजि.) हे हुजूर (स.) यांचे मानलेले पुत्र, लोक त्यांना जैद इब्ने मुहम्मद म्हणत. मानलेल्या मुलांना त्यांच्या जन्मदात्याच्या नावाने हाक मारा, असा आदेश सूरह अहजाबमध्ये आला आणि ते पुन्हा जैद इब्ने हारिसा झाले. त्यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.). त्यांचा तलाक झाला, पुढे हुजूर (स.) यांच्याशी निकाह झाला. पहिल्या निकाहाच्या वेळी, तलाकनंतर आणि उम्मुल मोमिनीन झाल्यावरही त्या बिन्ते जहशच राहिल्या. त्या घरात नावापुढचे नाते बदलले ते पुरुषाचे.

मग आपल्याकडे तलाकनंतर नाव बदलण्याचा प्रश्न आला कोठून? तो आला मराठी तीनपदरी नावातून. शाळा, मतदार यादी, शिधापत्रिका, बँक या सर्वांनी एकच साचा धरला : स्वतःचे नाव, मधले नाव, आडनाव. ‘भ्र.’ गळाले आणि भ्रतार नावातच येऊन बसला.

दोन गाजलेल्या खटल्यांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ‘मोहम्मद अहमद खान विरुद्ध शाहबानो बेगम’. इंदूरच्या या बाईच्या नावात पती कोठेच नाही. दुसरा, आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाचा २ मे २००२ चा निकाल : ‘दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी दगडू पठाण’. मी तलाक दिला आहे, असे पतीने न्यायालयात नुसते सांगून भागणार नाही. तलाकला सबळ कारण होते, दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाला होता, हे त्याने सिद्ध केले पाहिजे, असे या निकालाने सांगितले. शाहबानोइतकी चर्चा त्याची झाली नाही, हे आपले दुर्दैव. पण शीर्षक पुन्हा वाचा. पती म्हणतो, ही माझी पत्नी उरली नाही. आणि ती त्याच्याशी भांडते ती त्याचेच नाव मध्ये घेऊन.

राज्याच्या राजपत्रात जुने नाव आणि नवे नाव छापून येते. अर्ज करताना बदलाचे कारण सांगावे लागते, पुरावा जोडावा लागतो. अडचण इथेच आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली जी बाई न्यायालयात गेली, तिच्या हाती हुकूमनामा असतो. खुला घेतलेल्या बाईकडे निदान काझींचा कागद असतो. तोंडी तलाक मिळालेल्या बाईकडे काय असते? ज्याने शब्द उच्चारले त्याला कागद लागला नाही. तिला मात्र प्रत्येक खिडकीवर तो मागतात.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. हे व्हायलाच हवे होते. तथापि, अशा रीतीने घराबाहेर काढलेली बाई आता कायद्याने पत्नीच राहते. घटस्फोटाच्या आधारावर नाव बदलायला जावे, तर दाखवायला घटस्फोटच नसतो. ही कोंडी केवळ मुसलमान बाईची नाही. पतीचे ना हरकत पत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेविरुद्ध २०२४ मध्ये एका हिंदू बाईला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले.

त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावायचे. आईला मुलाच्या नावात जागा मिळाली. विवाहितेच्या स्वतःच्या नावासाठी मात्र पतीचे नाव आणि आडनाव हीच जुनी पद्धत कायम राहिली. विवाहापूर्वीच्या नावाची मुभा दिली ती मालमत्तेच्या दस्तापुरती.

तलाक होऊन माहेरी आलेल्या बाईचे पहिले काम म्हणजे सासरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून बापाच्या पत्रिकेत घालणे. तिथे शाळा सोडल्याचा दाखला कामी येतो, कारण त्यावर मधले नाव बापाचे असते. जी शाळेत गेलीच नाही, तिचे काय? तिच्यासाठी निकाहनामा उरतो. त्यात वधू बापाच्या नावाने, ‘बिन्ते’ म्हणूनच नोंदलेली असते. पण तो कागद बहुधा सासरच्या पेटीत असतो.